गोदूच्या खड्ड्याला पाच तारे

बुधवारी चिंबोरपाड्यात रोलर आला, तेव्हा काशिरामकाकाने त्याला झेंडूचा हार घातला. पाड्याने रोलर कधी पाहिलाच नव्हता अशातला भाग नाही. दर निवडणुकीच्या बॅनरवर एक असायचाच. पण हा हलणारा होता. त्याच्यामागे डांबराचा बॉयलर होता, खडीचा डंपर होता आणि कानाला फोन लावलेला मुकादम होता, म्हणजे काम खरंच होणार होतं. बायकांनी नारळ फोडला, ड्रायव्हरला ओवाळलं. तो बिहारचा होता. त्याला वाटलं इकडे अशीच पद्धत असेल, म्हणून त्याने मान खाली घालून कुंकू लावून घेतलं.

गुरुवारी सकाळी रोलर उलटा निघून गेला. हार तसाच गळ्यात.

"काय झाला रे?" काशिरामकाका मुकादमाच्या आडवा गेला.

"तुमच्याच गावचा अर्ज आलाय वरती. रस्ता नको म्हणून."

"कनी दिला?"

मुकादमाने मोबाइलवर बघून वाचलं, "श्री. प्रणित कोळी. स्थानिक रहिवासी."

त्या वेळी श्री. प्रणित कोळी जासईजवळच्या कंटेनर यार्डाच्या गेटवर उभा राहून ट्रेलरची सीलं तपासत होता. आईचा फोन आला. गोदू फोनवर कधीच नमस्कार-चमत्कार करत नसे, सरळ मुद्द्याला हात घालायची.

"मेल्या, घरी ये. तुला खड्ड्यातच गाडते."

प्रणित घरी गेला नाही. आधी त्याने शोध घेतला आणि मग त्याचं डोकं जे फिरलं, ते फिरलंच.

हायवेपासून पाड्यापर्यंतचा हा रस्ता नेमका कुणाचा, यावर तीन ऑफिसांचं कधी नव्हे ते एकमत होतं: आपला नाही. त्यातल्याच एकाने यंदा कसा कोण जाणे रोलर पाठवला होता. न्हावा शेव्याला जाणारे ट्रेलर जॅम चुकवायला त्यावर घुसायचे आणि दर पावसाळ्यात तो आणखी थोडा पाताळात जायचा. मधला सर्वांत मोठा खड्डा 'गोदूचा खड्डा' म्हणून ओळखला जायचा. शेअर रिक्षातून मासळीची टोपली घेऊन जाताना प्रणितची आई त्याच खड्ड्यात बाहेर फेकली गेली होती. टोपलीतल्या मासळीला काही झालं नाही. गोदूचं डावं मनगट मोडलं आणि वाकडं जुळलं. तेव्हापासून ती रिक्षात बसली की उजव्या हाताने दांडी धरायची आणि टोपली गुडघ्यांत आवळायची, आणि पनवेलच्या बाजारात पोचेपर्यंत ड्रायव्हरच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची.

याच खड्ड्याला 'पनवेल पेलोटन' या क्लबमध्ये 'आरेनबर्ग' म्हणत.

पेलोटन म्हणजे शर्यतीतला सायकलवाल्यांचा घोळका. खांदा कॉलनीतला हा घोळका दर वर्षी युरोपातल्या जुन्या शर्यतींच्या धर्तीवर आपल्या शर्यती करायचा आणि त्या मूळ नावानेच ॲपवर नोंदवायचा. इटलीची शर्यत समुद्रावर संपते म्हणून हे पनवेलहून उरणच्या समुद्रापर्यंत जात. बेल्जियमची डोंगरांत होते म्हणून हे कर्नाळ्याची खिंड दोनदा चढत आणि तिसऱ्यांदा वडापाव खात. एप्रिलमध्ये पॅरिस-रूबे. ती फ्रान्समध्ये दगडी फरसबंदीच्या रस्त्यांवरून जाते. तिला नरक म्हणतात, तिथल्या रस्त्यांना तारे देतात, आरेनबर्ग नावाच्या सगळ्यांत खराब रस्त्याला पाच, आणि जिंकणाऱ्याला फरसबंदीतलाच एक दगड. पनवेलमध्ये दगड नाहीत, म्हणून हे जिंकणाऱ्याला पेव्हर ब्लॉक देत. कुठल्या फुटपाथचा, ते विचारायचं नाही.

पनवेलच्या रूबेसाठी नरक शोधायची वेळ आली, तेव्हा प्रणितनेच मोठ्या अभिमानाने म्हटलं होतं, "आमच्या पाड्याला या." क्लबमधले सगळे डेंटिस्ट, आर्किटेक्ट, सॉफ्टवेअरवाले. प्रणित एकटाच असा, ज्याची सायकल सेकंडहँड होती आणि नरक स्वतःचा होता. तो सलग दोन वर्षं जिंकला. कारण सोपं होतं. बाकीच्यांना तो रस्ता वर्षातून एकदा लागायचा.

क्लबचा प्रमुख अपूर्व आर्किटेक्ट होता. रस्ता होणार हे त्याच्या कानावर आलं आणि त्याने आठ दिवसांपूर्वी ग्रुपवर एक लांबलचक अर्ज टाकला होता. 'सदर मार्गास आंतरराष्ट्रीय दर्जाचा क्रीडा वारसा लाभला असून त्याच्या मूळ स्वरूपास धक्का लागू नये.' खाली क्लबचा शिक्का. शिक्का अपूर्वने खास करवून घेतला होता, त्यावर चाक आणि खाली 'नोंद नाही तर राइड नाही' हे ब्रीदवाक्य. त्याच्याखाली 'स्थानिक रहिवासी व दोन वेळचे विजेते श्री. प्रणित कोळी यांचा पाठिंबा.'

पाठिंबा कधी दिला, हे प्रणितने यार्डाच्या गेटवर उभं राहून मोबाइल वरखाली करत शोधलं. मिळाला. अर्जाच्या खाली चाळीस अंगठे होते आणि त्यातला एक त्याचा होता. दोन ट्रेलरच्या मधल्या वेळात त्याने न वाचताच तो टाकला होता.

त्याच्या आजीच्या पिढीत लोक न वाचता कागदावर अंगठा देत आणि जमिनी जात. प्रणितने बी.कॉम. होऊन दिला होता.

हे कळल्यावर राग कमी व्हायला हवा होता. उलट वाढला. दुसऱ्यावरचा राग माणूस त्याच्या घरी जाऊन काढू शकतो, स्वतःवरचा कुठे नेऊन ठेवणार? प्रणितने तोही अपूर्वच्याच घरी न्यायचं ठरवलं.

खांदा कॉलनीतल्या अपूर्वच्या फ्लॅटमध्ये भिंतीवर सायकली टांगलेल्या होत्या आणि कपडे जमिनीवर. दार रियाने उघडलं. रिया अपूर्वची बायको, शर्यतीत मागून गाडी चालवायची. गाडीत केळी, पंक्चरचं सामान आणि नवऱ्याचे जास्तीचे मोजे असत.

"अरे चॅम्प!" अपूर्व सोफ्यावरून उठला. "बघितलंस ना? थांबवला रोलर. एका अर्जात! लोक म्हणतात, या देशात अर्जांना कुणी विचारत नाही."

"अपूर्वदादा, तो अर्ज मागे घ्या."

"का रे?"

"का म्हणजे? आमचा रस्ता आहे तो!"

"म्हणूनच तर वाचवला."

"आईचं मनगट मोडलंय त्या खड्ड्यात!"

"हो ना!" अपूर्वचे डोळे चमकले. "मी तेच अर्जात घालणार होतो. रूबेच्या इतिहासात किती हाडं मोडलीत माहितीय? त्याशिवाय पाच तारे मिळत नाहीत."

प्रणितच्या हाताशी टेबलावर एक पंप होता. त्याने तो उचलला, पाहिला, परत ठेवला. रियाने येऊन तो आत नेला.

"मी उद्या ऑफिसात जाऊन सांगतो, माझा पाठिंबा नाही म्हणून."

"जा की."

तो गेला. खिडकीतल्या माणसाने त्याचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "शिक्का आहे?"

"मी माणूस आहे. मी तिथे राहतो."

"ते ठीक आहे. पण अर्ज संस्थेचा आहे. संस्थेने मागे घ्यायचा, त्याच शिक्क्याने. खरं सांगू का? पंचवीस वर्षांच्या नोकरीत रस्ता करू नका म्हणणारा हा पहिलाच अर्ज. साहेबांनी स्वतःहून मंजूर केला. खूप समाधान वाटलं त्यांना. सोमवारपर्यंत आणा काय ते, नाहीतर रोलर दुसरीकडे जाईल."

प्रणितने बाहेर येऊन अपूर्वला फोन लावला. या वेळी 'दादा' गळून पडलं होतं.

"अपूर्व, शिक्का मार नाहीतर मी तुझी सायकल खाडीत टाकीन."

"हे बघ चॅम्प, आपल्या क्लबमध्ये नियम आहेत. जो रूबे जिंकतो, तो पुढच्या वर्षीचा मार्ग ठरवतो. रविवारी जिंक. मार्ग बदल म्हण, मी त्याच दिवशी अर्ज मागे घेतो. शब्द."

"आणि नाही जिंकलो तर?"

"मग नरक राहील. लोकशाही आहे."

म्हणजे खड्डे बुजावेत म्हणून त्याने खड्ड्यांवर जिंकायचं होतं, आणि जिंकून तो जिथे एकमेव जिंकू शकत होता ती जागाच संपवायची होती. प्रणितने फोन ठेवला आणि ऑफिसच्या भिंतीला लाथ मारली. भिंतीला काही झालं नाही. अंगठा सुजला. या वेळी पायाचा.

घरी गोदूने तीन दिवस त्याच्याशी बोलणं टाकलं होतं. जेवायला मात्र वाढायची, पण ताट असं आपटायची की कालवण स्वतःहून भातावर यायचं.

"आये, रविवारी जिंकलो ना, की रोलर परत येतंय."

गोदूने शेजारी बसलेल्या काशिरामकाकाला सांगितलं, "त्याला सांग, रस्ता शर्यत जिंकून मिलत नसतो. मिलत असता तर तुजा बा बैलगाडीच्या शर्यतीत नवी मुंबई घेऊन आला असता."

काशिरामकाकाने प्रणितला सांगितलं. मधे बसून तोही जेवला.

रविवारी सकाळी प्रणित खांदा कॉलनीच्या सिग्नलवर शर्यत सुरू करायला गेला आणि इकडे गोदूने पाड्यातल्या बायका जमवल्या. तिचा विचार साधा आणि बिनतोड होता. खड्ड्यांना वारसा म्हणतात काय? खड्डाच नाय तर वारसा कंचा? रोलर गेला तर गेला, आपण भरू. पाड्यामागे पिढ्यान् पिढ्या फोडलेल्या कालवांच्या शिंपल्यांचा डोंगर होता. घमेली निघाली. उन्हं वर यायच्या आत हायवेपासून पाड्याच्या टोकाच्या तळ्यापर्यंतचे खड्डे शिंपल्यांनी भरले. शेवटी गोदूचा खड्डा. तो काही भरेना. शिंपले संपले, तेव्हा बायकांनी त्यावर जुना पत्रा टाकला, त्यावर शिंपल्यांचा थर पसरला, झाडू मारला आणि कुणी वर पाय देऊ नये म्हणून कडेला काठ्या रोवल्या. वरून असा सपाट दिसत होता की गोदूने स्वतःच लांबून बघून मान डोलावली.

कालवाच्या शिंपल्याची कड कशी असते, हे कालवं काढणाऱ्या बाईला सांगायला नको. तिची बोटं रोज कापतात. पण सायकलचा टायर तिने कधी हातात घेतला नव्हता.

शर्यत जोरात होती. प्रणित रागावर चालला होता. राग हे इंधन म्हणून वाईट नाही, फक्त त्याचा धूर स्वतःच्याच डोळ्यांत जातो. गव्हाण फाट्यापर्यंत त्याने कुणाला पुढे येऊ दिलं नाही. जासईला इंद्रजीत नावाचा एक डेंटिस्ट दात-ओठ खात त्याच्या बरोबरीला आला आणि 'प्रणित, जरा हळू, मजेसाठी आहे,' म्हणाला. प्रणितने त्याच्याकडे असं पाहिलं की डेंटिस्ट आपणहून मागे गेला.

मग पाड्याचा रस्ता लागला आणि प्रणित चक्रावला. एकही खड्डा नाही. सगळीकडे पांढरंशुभ्र, उन्हात चमकणारं. क्षणभर त्याला वाटलं, फ्रान्सच आलं. पुढच्या क्षणाला त्याचा पुढचा टायर फुसकला. मग मागचा. मागून फट् फट् फट् असे आवाज येत राहिले, दिवाळीत लवंगी लागावी तसे. बघता बघता सगळं पेलोटन रस्त्याच्या कडेला सायकल उलटी करून बसलं. डेंटिस्ट टायरमधून शिंपल्याचा तुकडा उपटत होता, ते मात्र सफाईने.

"आये!" प्रणित ओरडला. "ह्यो काय केलास?"

घमेलं डोक्यावर घेऊन उभ्या असलेल्या गोदूने तीन दिवसांत पहिल्यांदा तोंड उघडलं. "रस्ता."

तेवढ्यात अपूर्व शेजारून निघून गेला. त्याच्या टायरमध्ये भोक आपोआप बुजवणारा चीक भरलेला होता. चाकांतून पांढरा चीक उडवत, सू सू आवाज करत, पण जात होता. कडेला लावलेल्या काठ्यांमुळे गोदूच्या खड्ड्याला त्याने वळसा घातला आणि तो तळ्याकडे वळला. तळ्याला दीड फेरी मारली की शर्यत संपणार होती. शर्यत संपली की रस्ताही.

काशिरामकाकाची सायकल दाराशी उभी होती. काळी, जाडजूड टायरची, कॅरियरला बर्फाचा प्लास्टिकचा टब बांधलेला. प्रणितने आपली सायकल आईच्या अंगावर टाकली आणि काकाच्या सायकलवर टांग मारली.

"अरे, टबात बोंबील हायत!" काका ओरडला.

बोंबील घेऊन प्रणित निघाला. शिंपल्यांवर ती सायकल बुलडोझरसारखी चालली. पण तळ्याच्या काठाला लागला, तेव्हा अपूर्व अर्धी फेरी पुढे होता. गणित सरळ होतं. हे जमणार नव्हतं. प्रणित दोन्ही पायांवर उभा राहून पेडल मारत होता, टबातलं पाणी त्याच्या पाठीवर उडत होतं, आणि तोंडातून जे निघत होतं ते तळ्यावर धुणं धूत असलेल्या बायकांनीही कानांवर हात ठेवावेत असं होतं.

आणि अपूर्व थांबला.

दमून नाही. त्याने हँडलवरच्या यंत्राकडे पाहिलं आणि ब्रेक दाबला. शिंपल्यांत वेग इतका कमी झाला होता की नोंद आपोआप थांबली होती. शेवटच्या टप्प्याची नोंदच होत नव्हती. नोंद नाही तर राइड नाही. अपूर्वने पाय टेकला, हातमोजा दातांनी काढला आणि यंत्राचं बटण दाबू लागला. घामेजलेल्या बोटाला बटण दाद देईना. त्याने बोट जर्सीला पुसलं. पुन्हा दाबलं. त्याच्या शेजारून एक काळी सायकल, एक टब आणि बोंबलांचा वास गेला. त्याने वर पाहिलं नाही.

शेवटच्या रेषेवर हायमअंकल झेंडा घेऊन उभे होते. क्लबमधले सर्वांत ज्येष्ठ, निवृत्त इंजिनियर, पनवेलच्या जुन्या बेने इस्रायली घरातले. शनिवारी शब्बाथ, म्हणजे धर्माने विश्रांतीचा वार, म्हणून सायकल आणि मोबाइल दोन्हीला हात लावत नसत आणि त्यामुळे क्लबमध्ये आठवड्यातून एक दिवस तरी ताळ्यावर असलेला माणूस म्हणून पंचाचं काम त्यांच्याकडे होतं. प्रणितची सायकल मुळात त्यांचीच होती. त्यांनी झेंडा खाली केला.

"प्रणित पहिला," ते म्हणाले. "बोंबील दुसरे. अपूर्व तिसरा."

अपूर्व आला तो हसत आला. "नोंद सुरू झाली. थँक गॉड. चॅम्प, तुझी दाखव."

प्रणितने कमरेला हात लावला. मग आठवलं. मोबाइल त्याच्या सायकलच्या हँडलवर होता आणि सायकल आईच्या अंगावर.

अपूर्वने स्वतःच्या मोबाइलवर त्याला शोधलं आणि स्क्रीन सगळ्यांना दाखवली. नकाशावर प्रणितचा ठिपका गोदूच्या घरापुढे उभा होता. वेग शून्य.

"ॲपच्या हिशेबाने तू अजून पोचायचा आहेस."

"मी तुझ्यासमोर उभा आहे!"

"मला दिसतंय रे. मी व्यक्तिशः तुझ्या बाजूने आहे."

"अपूर्व," हायमअंकल म्हणाले, "मी इथे उभा होतो. मला डोळे आहेत."

"अंकल, डोळे अपलोड होत नाहीत."

आणि त्याने पेव्हर ब्लॉक उचलला, डोक्यावर धरला आणि स्वतःचा फोटो काढून घेतला. रियाने काढला. तिने तोंड फिरवून काढला, त्यामुळे फोटोत तळंच जास्त आलं.

प्रणित दोन पावलं पुढे गेला. त्याला तो ब्लॉक हिसकावून कुठे घालावा, याच्या तीन-चार जागा सुचल्या. पाड्यातली माणसंही जमली होती. कुणाच्या हातात घमेलं, कुणाच्या हातात वल्हं. एक शब्द काढला असता तर अपूर्व सायकलसकट तळ्यात गेला असता. पण अपूर्व तळ्यात गेला तर शिक्का कोण मारणार? रागाने फुटायची वेळ यावी आणि शिक्क्यासाठी गप्प बसावं लागावं, असं आयुष्य कुणाच्या वाट्याला येऊ नये.

रियाने गाडी सकाळीच पलीकडच्या रस्त्याने तळ्यावर आणून लावली होती. आता तिकडे ट्रेलर अडकून मुंगीलाही वाट नव्हती. निघायचं तर पाड्याच्या रस्त्यानेच. अपूर्वने सायकल टपावर चढवली.

"मी चालवते," रिया म्हणाली.

"नको. हा पाच तारे रस्ता आहे. तुला नाही कळणार."

त्याने काच खाली केली, गाडी हळूहळू आणली आणि गोदूच्या खड्ड्याच्या अलीकडे थांबला. कडेच्या काठ्या बायकांनी आता सरपणाला उचलून नेल्या होत्या. समोर पांढरी सपाट जागा.

"चॅम्प, आरेनबर्ग कुठून घेऊ? डावीकडून का उजवीकडून?"

डावीकडे, विजेच्या खांबाला खेटून घट्ट जमिनीची एक पट्टी होती. दोन वर्षं प्रणित तिच्यावरूनच जिंकला होता आणि त्याने ती आजवर कुणाला सांगितली नव्हती. गाडीची दोन चाकं तिच्यावरून आरामात गेली असती. त्याने आईकडे पाहिलं. गोदू ओट्यावर वाकडं मनगट मांडीवर ठेवून बसली होती.

"मधून घे," प्रणित म्हणाला. "आईने भरलाय."

त्यात खोटं एक अक्षर नव्हतं.

गाडी मधून गेली. आधी पत्रा बोलला, मग गाडी बोलली आणि मग अपूर्व. पुढचा भाग खड्ड्यात, मागची चाकं हवेत, टपावरची सायकल बॉनेटवर. खाली चेंबर फुटला होता आणि काळं ऑइल पांढऱ्या शिंपल्यांवरून निवांत वाहत होतं. रिया मागच्या दाराने उतरली, केळी घेऊन.

अपूर्व खिडकीतून बाहेर आला तो ओरडतच. "हा रस्ता आहे? हा काय रस्ता आहे? टॅक्स भरतो आपण! माणसं राहतात ना इथे? कुणी काही करत कसं नाही? कुणाला तरी फोन लावा! लाज नाही वाटत या लोकांना?"

"पाच तारे हायत, बाबा," गोदू ओट्यावरून म्हणाली.

"आजी, तुम्ही गप्प बसा! माझा चेंबर फुटलाय!"

"मनगट पन फुटतंय. त्याला दुकानात नवीन नाय मिलत."

काशिरामकाका दोर घेऊन आला. चार-पाच जण पुढे सरसावले. प्रणित त्यांच्या आणि गाडीच्या मधे उभा राहिला.

"कोनी हात लावायचा नाय. आधी अर्ज."

"कसला अर्ज?"

"रस्त्याचा."

अपूर्वने त्याच्याकडे पाहिलं, मग गाडीकडे. त्या स्थितीतही त्याच्यातला प्रमुख जिवंत होता. "चॅम्प, ऐक. असं करू. तुला विजेता जाहीर करतो. ॲपवर हाताने नोंद घालू, अपवाद म्हणून. ब्लॉक तुझा. फक्त हा एक खड्डा बुजवून घेऊ, बाकीचा नरक राहू दे. सलग तिसरा विजय! पनवेलमध्ये कुणी केलेलं नाही."

हे मात्र खरं होतं. कुणी केलं नव्हतं. शर्यत सुरू होऊन तीनच वर्षं झाली होती. पण प्रणितला तो आकडा हवा होता, अगदी पोटातून हवा होता आणि तो हवा वाटतोय याचाच त्याला सगळ्यांत जास्त राग आला.

"नोंद तुझ्या टायरात भर," तो म्हणाला. "लिही. सगळा रस्ता. हायवेपासून तळ्यापर्यंत."

लेटरहेड आणि शिक्का गाडीतल्या खणातच असत. अपूर्वने तिरक्या बॉनेटवर तिरकाच अर्ज लिहिला. पण लिहिता लिहिता त्याला असा जोर चढला की सांगायला नको. 'अमानुष', 'जीवघेणा', 'नागरिकांच्या सहनशीलतेचा अंत' असे शब्द त्याने आपणहून घातले. पाड्याने दहा वर्षांत केलेल्या अर्जांत एवढा संताप नव्हता. शेवटी शिक्का मारताना त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. हायमअंकलनी साक्षीदार म्हणून सही केली आणि ग्रुपवर फोटो टाकला. चाळीस अंगठे आले. न वाचता.

खिडकीतल्या माणसाला एकाच संस्थेचे, एकाच शिक्क्याचे, एकमेकांच्या उलट दोन अर्ज पाहून जराही नवल वाटलं नाही. "गाडी बसली का खड्ड्यात?" त्याने विचारलं. "बसते."

रोलर परत आला. सुकलेला हार अजून गळ्यात होता. या वेळी कुणी नारळ फोडला नाही. खड्ड्यात खडी जाईपर्यंत गोदू काठावर उभी राहिली आणि रोलर वरून फिरला तेव्हा तिने त्याला आणखी एकदा फिरायला लावलं.

रस्ता झाला. गोदू रिक्षात दांडी न धरता बसायला लागली आणि मोकळ्या हाताने आता ड्रायव्हरला टपल्या मारायची. प्रणितने एका रविवारी सायकल काढली. गुळगुळीत रस्ता, डोळे मिटून जावं असा. तर मागून डेंटिस्ट आला, घंटी वाजवून शेजारून गेला आणि 'मस्त रस्ता झालाय!' म्हणाला. प्रणित त्या दिवशी आठवा आला आणि घरी येऊन ताट त्यानेच आपटलं.

मग ट्रेलरना रस्ता कळला. जॅम चुकवायला ते आधीही घुसायचे, पण आता सुसाट घुसायला लागले. कोंबड्या मेल्या, एक पडवी गेली. पाडा पुन्हा तापला. या वेळी कुणी कुणाला अर्ज केला नाही. जो तो उठला आणि त्याने आपापल्या दारापुढे सिमेंटचा स्पीडब्रेकर घातला, ज्याला जेवढा राग तेवढा उंच. गोदूचा राग मोठा होता. काशिरामकाकाकडे सिमेंट जास्त होतं.

पंधरा दिवसांनी प्रणित जेवत असताना ग्रुपवर अपूर्वचा मेसेज आला. भला मोठा. प्रणितचा अंगठा सवयीने वर गेला आणि हवेतच थांबला. त्याने पूर्ण वाचला. बेल्जियममध्ये फ्लँडर्स नावाची आणखी एक शर्यत आहे, ती एकामागोमाग एक छोट्या, खड्या चढांवरून जाते, पनवेलमध्ये असे चढ नाहीत असं आजवर वाटत होतं, पण चिंबोरपाड्याने ते घडवले आहेत, प्रत्येकाला तारे दिले आहेत, आणि ते कुणी तोडू नयेत म्हणून अर्जाचा मसुदा सोबत जोडला आहे. खाली शिक्का.

प्रणितने मोबाइल ताटाशेजारी आपटला. घास तोंडातच राहिला.

"काय बोलतंय तो आर्किटेक?" गोदूने कालवण वाढता वाढता विचारलं.

"आपल्या ब्रेकरना तारे दिलेत."

"मंग?"

"तुझ्याला चार."

पळी हवेत थांबली.

"चारच?" गोदू म्हणाली. "आनि काशिरामच्याला?"

"पाच."

गोदूने पळी ठेवली, पदर खोचला आणि कोपऱ्यातली सिमेंटची अर्धी गोणी बरोबर त्या वाकड्या हातानेच ओढली.